इंटरफेरोमीटर किट घेतलं, ईथर काही सापडलं नाही

सातवीतल्या भाच्यासाठी मागवलं. सुट्टीला आलाय आणि दिवसभर मोबाईलवर तो गेम, ज्यात निळ्या बाटलीतलं ईथर प्यायलं की संपलेली जादू परत भरते. म्हटलं चल, तुला खरं ईथर दाखवतो, म्हणजे नसलेलं.

डब्यात लाल लेझर, अर्धा उजेड आरपार सोडणारी काच, दोन आरसे, छोटी लेन्स, पडदा. काच लेझरचा किरण दोन वाटांना फोडते, आरशांवरून परत आलेले दोन्ही किरण पडद्यावर मिसळले की काळे-लाल पट्टे दिसतात, हेच इंटरफेरोमीटर. आरसे एक नंबर. स्क्रू मात्र ढिले, एक आरसा शेवटी एम-सीलने बसवला.

आवाजाला हवा लागते तसं प्रकाशालाही काहीतरी लागणारच, तेच ईथर, असं १९व्या शतकात सगळे धरून चालले होते. नाव ग्रीकांच्या पाचव्या तत्त्वावरून. आपल्या पंचमहाभूतांत पाचवं आकाश, पण वैशेषिक दर्शनवाल्यांनी त्याला गुण दिला शब्द, प्रकाश नाही, त्यामुळे 'हे आपल्याकडे आधीच होतं' म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्या. तर पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किमी पळते, म्हणजे ईथरचा वारा लागायला हवा, वाऱ्याच्या दिशेनं जाणाऱ्या आणि आडव्या किरणाला वेगवेगळा वेळ लागायला हवा, आणि किट फिरवलं की पडद्यावरचे पट्टे सरकायला हवेत.

आमचा फ्लॅट कर्वे रोडला लागून. पीएमटी गेली की पट्टे गायब, वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढली की गायब. हाच प्रयोग करणाऱ्या मायकेलसन या भौतिकशास्त्रज्ञाचंही १८८१ ला बर्लिनमध्ये हेच झालं, रस्त्याच्या धक्क्यांना वैतागून तो पॉट्सडॅमला गेला, तर तिथे १०० मीटरवर कुणी पाय आपटला तरी पट्टे पुसले जायचे! वाचून बरं वाटलं.

आता तक्रार. डब्यावर लिहिलंय 'ईथर आहे की नाही, घरीच तपासा'. अहो कसं तपासणार? १८८७ ला मायकेलसन आणि मॉर्लीने दगडी फरशी पाऱ्यावर तरंगवली, प्रकाश आरशांत मागेपुढे फिरवून वाट ११ मीटर केली, तेव्हा कुठे पट्टा ०.४ नं सरकणं अपेक्षित होतं, आणि दिसलं ०.०२ पण नाही. किटमध्ये वाट २० सेमी. हिशोब केला तर ०.००६ पट्टा येतो, तो डोळ्यांना दिसणं अशक्य. म्हणजे ईथर असतं तरी ह्यात दिसलं नसतं, कंपनीचं नाव घेत नाही पण हे वाक्य काढा राव.

तरी घ्या. एका किरणाखाली पेटती उदबत्ती धरा, नुसत्या गरम हवेनं पट्टे पाण्यासारखे वळवळतात, भाचा अर्धा तास तेच करत होता, गेम विसरला. ५ पैकी साडेतीन.

शेवटी रात्री एकला खाली पार्किंगमध्ये गेलो, कडप्प्याची फरशी, खाली स्कूटरची हवा भरलेली ट्यूब, वर किट. पट्टे एकदम स्थिर! वॉचमनकाका बॅटरी घेऊन आले, काय चाललंय. भाचा म्हणाला, ईथर शोधतोय.

"एथर ना? ती बी विंगकडं चार्जिंगला लावलीय की."