गंज दाखवून विकलेली जिप्सी

दापोली, गुहागर, श्रीवर्धन, अलिबाग, मालवण या पट्ट्यात कुणी स्वस्तातली जुनी जिप्सी किंवा जीप घ्यायचा विचार करत असेल, तर विसार देण्याआधी हे वाचा. मला ज्या पद्धतीने फसवलं ती अगदी साधी आहे, म्हणूनच ती चालते. विकणाऱ्याने गंज लपवला नाही. त्याने तो स्वतः बोट लावून दाखवला.

आमची आंब्याची कलमं दापोलीजवळच्या हर्णैच्या वरच्या अंगाला, कातळाच्या कडेला आहेत. डांबरी संपली की जांभ्याची उभी चढण लागते. पिकअप खालीच थांबतो आणि आंब्याचे क्रेट डोक्यावरून उतरवावे लागतात. त्या कामाला माणसं मिळणं दरवर्षी कठीण होत चाललंय. नवी थार आमच्या आवाक्यातली नाही. जिप्सी वजनाला हलकी, चारही चाकांना जोर देता येतो आणि सुटे भाग अजून मिळतात. मारुतीची पहिली जिप्सी डिसेंबर १९८५ मध्ये आली ती ९७० सीसी इंजिनाची होती, १९९६ मध्ये १२९८ सीसीची 'जिप्सी किंग' आली. मी किंगच शोधत होतो.

जिल्ह्यातल्याच एका एजंटाकडे १९९९ ची गाडी होती, मागणी १ लाख ६५ हजार. मी बघितलेल्या बाकीच्या गाड्या याच्या दुपटीच्या घरात होत्या, त्यामुळे एवढी स्वस्त का, हे मी सगळ्यात आधी विचारलं. त्याने ताबडतोब दरवाजा उघडला. "हे बघा, दरवाजा खालून खाल्लाय. मॅट उचला, फ्लोअरला भोक आहे. बोनेटच्या कडा गेल्यात. भाऊ, खाऱ्या वाऱ्यातली गाडी आहे, गंजणारच. मी खोटं बोलून विकत नाही." आणि गंजाचे म्हणून १५ हजार त्याने आपणहून कमी केले.

असं मोकळं बोलणाऱ्या माणसावर विश्वास बसतो, आणि त्यावरच त्याचा धंदा उभा आहे. दरवाजाचा आणि फ्लोअरचा गंज एकदा नजरेत भरला की माणूस हिशेबही त्याचाच करतो. पत्र्याला एवढे, रंगाला एवढे, म्हणजे एकूण परवडतंय. मी खाली वाकूनही बघितलं. खालून सगळं काळं कुळकुळीत. "पावसाळ्यासाठी अंडरकोट मारून घेतलाय, त्याचे पैसे धरलेले नाहीत," तो म्हणाला. पासिंग, म्हणजे आरटीओच्या तपासणीनंतर वाढवून मिळालेली नोंदणी, २०२९ पर्यंत होतं, तेही त्याने आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) काढून दाखवलं.

जिप्सीची बॉडी वेगळी आणि चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, वेगळी असते. इंजिन, गिअरबॉक्स, दोन्ही एक्सल (चाकांचे आडवे दांडे), पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), सगळा भार चासीच्या दोन लांब पोकळ दांड्यांवर असतो. दरवाजा बदलता येतो, फ्लोअरला नवा पत्रा मारता येतो. चासी गेली तर गाडी गेली. या पोकळ दांड्यांना भोकं असतात, पाणी बाहेर पडावं म्हणून. त्याच भोकांतून खारं पाणी आत जातं. पाणी सुकतं, मीठ आत राहतं, आणि ते मीठ हवेतला ओलावा ओढून घेत राहतं. गाडी शेडमध्ये उभी असली तरी आतून खाणं चालूच. बाहेरचा रंग शाबूत आणि आत पत्रा कागदाएवढा, अशी गत होते. वर आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि खालून चिकटून बसलेला जांभ्याचा चिखल.

आंबा सुरू झाला आणि भरलेली गाडी खाली आणताना वळणावर मागचा डावा कोपरा एकदम बसला. मागचा पाटा ज्या ब्रॅकेटला टांगलेला असतो तो ब्रॅकेट चासीतून पत्र्यासकट उपटून आला होता. मागे क्रेटांबरोबर आमचा गडी बसला होता. वळणाच्या आतल्या बाजूला बांध होता, गाडी त्याला टेकली आणि थांबली. दुसऱ्या बाजूला काहीच नाही. पैसे गेल्याचं दुःख आहे, पण माझा खरा संताप यासाठी आहे. ज्याने ते काळं फासलं त्याला माहीत होतं की या गाडीत माणसं बसणार आहेत.

दापोलीच्या गॅरेजमध्ये गाडी उचलल्यावर मिस्त्रीने छोटा हातोडा घेतला आणि पुढून मागे चासी वाजवत आला. पुढे टण टण, मधे कुठेतरी आवाज बदलला, आणि मागच्या एक्सलच्या वर, जिथे दांडी वळून वर चढते तिथे, नुसतं भद. त्याने स्क्रू ड्रायव्हर टेकवून दाबला तर मुठीपर्यंत आत गेला. काळा थर खरवडला तेव्हा खाली फायबरची मॅट, त्यावर पुट्टी, एके ठिकाणी पातळ पत्र्याचा ठिगळ, तोही कडेकडेने चार टाके मारून. मिस्त्रीने भोक मोठं केलं आणि आतून वाळू पडायला लागली. जांभ्याची माती नव्हे, किनाऱ्याची करडी वाळू, बारीक शिंपल्यांचे तुकडे असलेली. ओंजळभर तरी असेल. "दादा, ही गाडी समुद्रात धुतलेली आहे," एवढंच तो म्हणाला.

आरसीवर ज्यांचं नाव होतं त्यांना गाठलं. सज्जन माणूस. त्यांनी गाडी कितीतरी आधीच विकली होती, किनाऱ्यावर पर्यटकांना फेऱ्या मारून आणणाऱ्या एकाला. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या आणि विषय संपला असं त्यांना वाटलं. त्या सह्यांवरच गाडी हातोहात फिरत एजंटाकडे आली. म्हणजे ज्याने मला गाडी विकली तो कागदावर कुठेच नव्हता. लक्षात ठेवा, १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. ते आधी बघायला मागा. आणि सही करताना आरसीवरचा मालक समोर हवाच.

जाब विचारला तेव्हा एजंटाने माझ्यासमोर विक्रीच्या वेळची पावती ठेवली. त्यात एक ओळ होती: गाडीवरील गंज पाहून व समजून घेतला, पुढे तक्रार राहणार नाही. दरवाजे उघडून दाखवण्यामागचं कारण तेव्हा कळलं. दाखवलेला गंज विश्वास मिळवायला वापरला, आणि नंतर तोच कायद्याची ढाल म्हणून पुढे केला. पोलीस ठाण्यात "हा दिवाणी मामला आहे" असं ऐकावं लागलं. आमच्या वकिलांचं मत वेगळं आहे: दाखवलेल्या गंजाची कबुली ही झाकलेल्या गंजाची कबुली होत नाही, आणि पुट्टी भरून वर काळं फासणं ही जाणूनबुजून केलेली फसवणूक आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ त्यासाठीच आहे. शिवाय धंदा म्हणून विकणाऱ्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, मुदत दोन वर्षांची. मी तिथे तक्रार दाखल केली आहे. खरवडण्याआधीचे आणि नंतरचे फोटो, मिस्त्रीचा लेखी अहवाल आणि पिशवीत बांधलेली ती वाळू जोडली आहे.

तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हा दरवाज्यांवर वेळ घालवू नका. मिस्त्री आपला न्या, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको, शक्यतो दुसऱ्या गावचा. गाडी उचलूनच बघा. चुंबक न्या, पुट्टीच्या जाड थरावर तो धरत नाही. पाट्यांचे ब्रॅकेट, आडव्या दांड्यांचे जोड, मागच्या एक्सलवरचं वळण हातोड्याने वाजवा. पाणी जायच्या भोकांत तार घालून काय निघतं ते बघा. नवा अंडरकोट दिसला तर दोन-तीन ठिकाणी खरवडू द्या म्हणा. तो नाही म्हणाला तर तिथून निघा, कितीही स्वस्त असो. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या आणि आरसीशी ताडा; गंजाने नंबर खाल्ला असेल तर पुढे आरटीओत अडतं. परिवहन खात्याच्या साइटवर गाडीवर बँकेच्या कर्जाचा बोजा आहे का ते बघा. पासिंगच्या तारखेवर विसंबू नका. तपासणीच्या दिवशी गाडी ठीक होती, एवढंच ती सांगते.

गंजलेली गाडी घेऊच नये असं मी म्हणत नाही. चासी टणक असेल तर दरवाजे गेलेली जिप्सीही घेण्यासारखी असते, आमच्या गावातच एक तशी रोज राबतेय.

माझी गाडी अजून गॅरेजमागे उभी आहे. तिघांनी विचारणा केली. एकाने तर सांगितलं, ७० हजार देतो, ठिगळं मारून पुढे काढीन. त्याला मी नाही म्हटलं. आयोगाचं काम संपलं की ती चासीसकट नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात जाईल, आणि आरटीओत तिचा नंबर रद्द करून घेणार आहे.