‘बोर्ड जळालाय’ म्हणून ५८० डॉलर: जपानी गाडीच्या नकाशाच्या डिस्कचा अनुभव

जपानमधून वापरून आलेली गाडी तुमच्याकडे असेल आणि तिच्या डॅशबोर्डात कंपनीनेच बसवलेलं, डिस्कवर चालणारं नॅव्हिगेशन असेल, तर बॅटरी बदलण्याआधी हे वाचा. इथे न्यूझीलंडमध्ये अशा गाड्या ढिगाने आहेत. जपानसारखीच इथेही वाहतूक डाव्या बाजूने, त्यामुळे तिकडची जुनी गाडी इकडे सहज खपते. माझी २००६ सालची, सात सीटची. तिचं नॅव्हिगेशन ऑकलंडमध्ये काडीच्या उपयोगाचं नाही. नकाशा फक्त जपानचा, त्यामुळे गाडी दारात उभी असली तरी स्क्रीनवरचा बाण आपला समुद्रात. पण रेडिओ, सीडी आणि रिव्हर्सचा कॅमेरा त्याच स्क्रीनवर चालतात, म्हणून ते बंद पडलं की अडतंच.

जुलैच्या थंडीत बॅटरी बसली. नवी टाकली, गाडी चालू झाली आणि स्क्रीनवर जपानी ओळ येऊन थांबली. फोनचा कॅमेरा धरून भाषांतर केलं तर ‘नकाशाची डिस्क घाला’. डिस्क तर आतच होती. रेडिओ नाही, कॅमेरा नाही, कुठलंही बटण दाबा, तीच ओळ.

ऑडिओ आणि इलेक्ट्रिकलची कामं करणाऱ्या एका दुकानात गाडी नेली. मालक आपल्याच देशातला, हिंदीत बोलणारा. दोन मिनिटं बटणं दाबून म्हणाला, “दीदी, बोर्ड जल गया है. नई बैटरी लगाते टाइम झटका लगा होगा.” मी म्हटलं, स्क्रीनवर तर डिस्क मागतंय. त्यावर तयार उत्तर: बोर्ड गेला की असंच लिहून येतं. स्क्रीन तिरपी करून त्याने आतली डिस्क काढली, उजेडात धरून ओरखडे दाखवले, ही पण गेली म्हणाला. मी तिथल्या तिथे डिस्कचा दोन्ही बाजूंनी फोटो काढला. भाऊ टोकियोत नोकरी करतो, त्याच्याकडून वरचं लिखाण वाचून घ्यायचं होतं. पुढे सगळं प्रकरण ह्या फोटोवरच उभं राहिलं.

जाता जाता त्याने रेडिओचा ट्यूनरही ‘वीक’ आहे, ६० डॉलरमध्ये करून देतो, असं सुचवलं. ते मी साफ नाकारलं. या जुन्या जपानी रेडिओंवर एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झपर्यंतच लागतं, आपल्याकडची स्टेशनं साधारण ८८ ते १०८ मध्ये. त्यामुळे या गाड्यांत दोन-चारच स्टेशनं मिळतात. उपाय म्हणजे एरियलच्या वायरवर बसणारी, इथली स्टेशनं त्या रेडिओच्या पट्ट्यात आणून देणारी ‘बँड एक्सपांडर’ नावाची छोटी डबी. ट्यूनरला काहीही झालेलं नसतं. खरं तर याच वेळी गाडी परत घेऊन निघायला हवं होतं, असं माझा नवरा अजून ऐकवतो. त्याला तेव्हा विचारलं असतं तर तोही ‘करून टाक’ म्हणाला असता.

आठवड्याभराने गाडी मिळाली. स्क्रीन चालू. बिल ५८० डॉलर: ‘मदरबोर्ड रिपेअर, रीप्रोग्रामिंग, कोड अनलॉक’. महिना-दीड महिना बरा गेला. मग तीच ओळ पुन्हा. फोन केला तर म्हणे हा वेगळा फॉल्ट, याला वॉरंटी नाही, नवीन युनिट बसवा.

ओळखीतून एका फिजीच्या अंकलकडे गेले. आयुष्यभर ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम केलेला माणूस, आता घरच्या गॅरेजमध्ये निवडक कामं करतो. त्यांनी आधी डिस्क बाहेर काढली. कारखान्यात छापलेल्या डीव्हीडीची मागची बाजू चंदेरी किंवा फिकट सोनेरी असते. ही जांभळट, वर मार्करने दोन आकडे. म्हणजे घरी बर्न केलेली कॉपी. माझ्या फोटोतल्या डिस्कवर व्यवस्थित छापील जपानी लेबल होतं. मग त्यांनी डॅश उघडून युनिट बाहेर काढलं. झाकणाच्या सांध्यावरचा कारखान्याचा स्टिकर अखंड, स्क्रूंवर वर्षानुवर्षांची धूळ. जो बोर्ड ‘रिपेअर’ झाला, तो आहे त्या पेटीचं झाकण कधी उघडलंच गेलं नव्हतं. त्यांनी या सगळ्याचे फोटो काढून दिले आणि दोन ओळी लिहून सहीही केली.

मग नेमकं काय बिघडलं होतं? जवळपास काहीच नाही. अशा युनिटचा प्रोग्रॅम नकाशाच्या डीव्हीडीवरच असतो. एकदा वाचला की तो मेमरीत राहतो. बॅटरीची वायर सुटली की मेमरी पुसली जाते आणि युनिट डिस्क पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतं. माझ्या युनिटमधली, डिस्क वाचणारी लेन्स धुळीने माखलेली होती, तिला डिस्क वाचता येईना. दुकानात झाकण न उघडता, लेन्स साफ करायची डिस्क चालवून लेन्स पुसली असणार, युनिट चालू झालं असणार आणि मग माझी मूळ डिस्क काढून तिच्या जागी कॉपी सरकवली असणार. मूळ डिस्कला इथे गिऱ्हाईक असतंच, कारण बऱ्याच गाड्या डिस्कशिवाय येतात आणि बॅटरी बदलली की त्यांचे मालक डिस्क शोधत फिरतात. बर्न केलेल्या डिस्कवरून प्रकाश कमी परावर्तित होतो, जुन्या लेन्सला ती झेपत नाही. म्हणून दीड महिन्यात पुन्हा बोंब.

‘कोड अनलॉक’ ही तर शुद्ध थाप. नंतरच्या, एसडी कार्डवाल्या काही युनिटांत कोड खरोखर मागतात. माझ्या युनिटला तो लागतच नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर आधी डिस्क काढा आणि मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. मग लेन्स साफ करायची डिस्क चालवून बघा. तरी नाही जमलं तर युनिटवरचा मॉडेल नंबर उतरवून घ्या, कारण दुसऱ्या मॉडेलची डिस्क ते स्वीकारत नाही. माझ्या भावाने तिकडच्या सेकंडहँड दुकानातून ५०० येनला जुळणारी डिस्क घेऊन पोस्टाने पाठवली. घातली, थोडा वेळ लोडिंग झालं आणि रेडिओ लागला. दुकानात गाडी द्यायची झालीच तर डिस्क घरी ठेवा आणि लागेल तेव्हा समोर उभं राहून घाला. काढलेले भाग परत हवेत, हे किल्ली देण्याआधी लिहून घ्या. बॅटरी बदलणाऱ्याला मेमरी सेव्हर (बॅटरी काढलेली असताना गाडीला वीज देत राहणारी छोटी जोडणी) लावायला सांगा, म्हणजे मुळात हे उद्भवतच नाही.

पैशांचं म्हणाल तर इथला १९९३ चा कन्झ्युमर गॅरंटीज ॲक्ट सेवेलाही लागू होतो: काम नीट आणि कसबाने झालं पाहिजे. न केलेलं काम बिलात लावणं १९८६ च्या फेअर ट्रेडिंग ॲक्टमध्ये येतं. मी दोन्हींचा उल्लेख करून, फोटो जोडून दुकानाला ईमेल केली. उत्तर नाही. मग डिस्प्यूट्स ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे छोट्या रकमांचे वाद सोडवणाऱ्या इथल्या न्यायाधिकरणात, अर्ज केला. तिथे वकील चालत नाहीत, दोन्ही बाजू निवाडा करणाऱ्या रेफरीसमोर बसून आपापलं सांगतात, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही. सुनावणीची नोटीस मिळाल्यावर मालकाचा स्वतःहून फोन आला, “दीदी, इतनी सी बात के लिए?” ९० डॉलर ‘लेबर’ कापून बाकीचे त्याने खात्यात टाकले. लेन्स तर त्याने पुसली होती, म्हणून मी ते मान्य केलं आणि अर्ज मागे घेतला. मूळ डिस्कबद्दल विचारलं तर म्हणाला, सापडत नाही.