पाम स्प्रिंग्ज की लास व्हेगास?

वाळवंटातील सुट्टीसाठी ही दोन्ही शहरे प्रसिद्ध असली, तरी जुन्या काळाची ओढ असणाऱ्याने नि:शंकपणे कॅलिफोर्नियातील पाम स्प्रिंग्ज निवडावे. लास व्हेगासने ड्यून्स, स्टारडस्ट यांसारखी आपली गाजलेली हॉटेले सुरुंग लावून पाडली. पाम स्प्रिंग्जमध्ये मात्र रिचर्ड नॉयट्रा यांनी आराखडा केलेले १९४६ चे कॉफमन हाउस, सपाट छप्पर आणि काचेच्या भिंतींसह, आजही उभे आहे. ते खाजगी असल्यामुळे रस्त्यावरूनच पाहावे लागते, पण मागे उघडाबोडका डोंगर आणि पुढे ती आडवी, शांत रेषा पाहताना पाय निघत नाही. शिवाय १९६३ पासूनचा रोपवे सुमारे दहा मिनिटांत ८,५१६ फुटांवर नेतो; हिवाळ्यात खाली कोवळे ऊन आणि वर पाइनखाली बर्फ! रात्रभर जागायचे असल्यास लास व्हेगास सरस आहे.