ब्रेडसाठी गिरणीची कणीक: सिहोर उत्तम, खपली नको

गेले सहा महिने मी घरचा ब्रेड कोपऱ्यावरच्या गिरणीतल्या कणकेचाच करते. सिहोर गहू, बारीक दळण. गिरणीवाले काका न सांगता गव्हावरच गहू टाकतात, त्यामुळे कणकेत बाजरीचा कण सापडत नाही. दळण गरम येतं, ते परातीत पसरून पूर्ण गार करायचं.

चक्कीच्या दगडांखाली गव्हातला स्टार्च बराच मोडतो, म्हणून ही कणीक मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते. 400 ग्रॅमला मी 310 मिली घालते. पोळीच्या कणकेहून कितीतरी सैल, हाताला चिकटणारा गोळा होतो. घाबरून वर कोरडं पीठ लावू नका, तिथेच ब्रेड दडस होतो. अर्धा तास झाकला की कोंडा भिजतो. मग 5 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 8 ग्रॅम मीठ, दोन चमचे तेल घालून दहा मिनिटं मळायचं. फुगल्यावर 200 अंशांवर 35 मिनिटं.

खपली दोनदा आणली, दोन्ही वेळा ब्रेड बसला. तिचं ग्लुटेन नाजूक, ती खिरीलाच छान. सिहोरचा मात्र तिसऱ्या दिवशीही तव्यावर तुपात भाजला की खरपूस लागतो. सासूबाई आता बाहेरचा आणू देत नाहीत.