रिकॉम्बिनंट इंटरल्यूकिन-१ बीटा: झोप-तापाच्या प्रयोगांसाठी ही कुपी घ्यावी का?

ई. कोलाय जीवाणूत तयार केलेलं, अल्ब्युमिन (आधार म्हणून मिसळलं जाणारं प्रथिन) न घातलेलं रॅट इंटरल्यूकिन-१ बीटा १० मायक्रोग्रॅमच्या कुपीत मिळतं. झोप आणि तापावर काम सुरू करणाऱ्यांनी सायटोकाइनमधली (प्रतिकारयंत्रणेच्या संदेशवाहक प्रथिनांमधली) पहिली खरेदी याचीच करावी. काही नॅनोग्रॅम मेंदूच्या पोकळीत दिले की रॅटची नॉन-रेम (शांत) झोप वाढते, रेम (डोळ्यांची जलद हालचाल होणारी) झोप घटते आणि ताप चढतो. परिणाम ठसठशीत असतो. गोंधळ होतो तो कुपी हाताळताना.

पावडर बऱ्याचदा डोळ्यांना दिसतही नाही, म्हणून झाकण काढण्याआधी कुपी मिनिटभर सेंट्रिफ्यूज करा. मग ०.१ टक्का बोव्हाइन सिरम अल्ब्युमिन असलेलं १०० मायक्रोलिटर निर्जंतुक पीबीएस (फॉस्फेट बफर असलेलं मिठाचं द्रावण) घाला. व्होर्टेक्स (यंत्राने जोरात घुसळणं) अजिबात नको, फेस आला की प्रथिन बिघडतं. हलकेच फिरवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग छोटे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा. वितळलेला भाग परत गोठवू नका. अल्ब्युमिन वगळण्याचा मोह टाळा, कारण पातळ द्रावणातलं प्रथिन नळी आणि कॅन्युलाच्या (मेंदूत द्रावण सोडणाऱ्या बारीक नळीच्या) भिंतीला चिकटतं. मग वहीत २.५ नॅनोग्रॅम लिहिलेले असतात आणि प्राण्याला त्याहून बरेच कमी मिळतात.

एंडोटॉक्सिन म्हणजे जीवाणूच्या आवरणातलं, स्वतःच ताप आणणारं विष. त्याबद्दल सगळे लेबल वाचतात, पण धोका तिथे कमीच असतो. मर्यादा मायक्रोग्रॅममागे १ युनिट धरा. अंतिम द्रावण मिलिलिटरला ५०० नॅनोग्रॅमचं केलं, तर प्रथिनासोबत मिलिलिटरमागे फार तर अर्धं युनिट येतं. त्याच मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम अल्ब्युमिन असतं, आणि त्यात मिलिग्रॅममागे १ युनिट असेल तर भेसळ त्याच्याकडूनच दुप्पट येते. साध्या अल्ब्युमिनवर तर हा आकडा बहुधा छापलेलाच नसतो. कमी एंडोटॉक्सिनचं अल्ब्युमिन आणि पायरोजेनमुक्त (ताप आणणारे घटक नसलेलं) सलाइन यांवर पैसे खर्च करा.

सर्वांत मोलाचा कंट्रोल (तुलनेचा नमुना) याच कुपीतून मिळतो. एक भाग ७० अंशांवर ३० मिनिटं तापवा. इंटरल्यूकिन निकामी होतं, एंडोटॉक्सिन मात्र एवढ्या उष्णतेला दाद देत नाही. तापवलेल्या द्रावणानेही ताप आला, तर दोष भेसळीचा. हा कंट्रोल नसलेल्या निकालांवर विश्वास ठेवणं कठीण आहे.

मात्रा वाढवली की झोप वाढतच जाते, असं नाही. जास्त मात्रेत झोप तुटक होते, कमीही होते. वेळही महत्त्वाची आहे. रॅट निशाचर आहे, त्यामुळे दिवे मालवण्याच्या सुमारास मात्रा दिली तर मूळची झोप कमी असते आणि वाढ स्वच्छ दिसते. ताप प्रामुख्याने प्रोस्टाग्लँडिन ई-२ या शरीरातल्या रसायनामार्फत चढतो, पण झोपेची वाढ म्हणजे तापाची सावली नव्हे. सशांमध्ये ताप दाबूनही ती टिकलेली दिसली आहे. म्हणून ईईजी (मेंदूच्या विद्युतलहरी) आणि शरीराचं तापमान दोन्ही एकाच वेळी, शक्यतो टेलिमेट्रीने (शरीरात बसवलेल्या बिनतारी संवेदकाने) नोंदवा. गुदद्वारातून तापमान घेताना प्राणी बिचकतो, आणि त्या ताणानेच पारा चढतो.

माऊस वापरणाऱ्यांसाठी वेगळी ताकीद. २२ अंशांच्या खोलीत माऊसची बरीच ऊर्जा ऊब राखण्यातच जाते, आणि पोटात मोठी मात्रा दिल्यास तापाऐवजी तापमान उतरलेलं दिसू शकतं. ताप पाहायचा असेल तर पिंजरे ३० अंशांच्या आसपास ठेवा आणि प्राण्यांना आधी तिथे रुळू द्या. प्रथिनही माऊसचंच घ्या. मानवी इंटरल्यूकिन चालतं, पण वारंवार दिल्यास त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होण्याचा धोका असतो.

कमतरता एकच, पण मोठी: वजन सारखं असूनही लॉटगणिक (उत्पादनाच्या खेपेगणिक) जैविक क्रियाशीलता बदलू शकते. संपूर्ण अभ्यास एकाच लॉटवर करा, नवा लॉट आला की मात्रा पुन्हा ठरवा. आजारपणाचा एकूण प्रतिसादच पाहायचा असेल, तर ही कुपी घेऊ नका. तिथे लिपोपॉलिसॅकराइड (म्हणजे एंडोटॉक्सिनच) योग्य, कारण त्याने टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ आणि इंटरल्यूकिन-१ तिन्ही शरीरातच वाढतात.