हेझी आयपीए, सहा महिन्यांनंतर: कॅनच्या बुडावरची तारीख आधी वाचा

हेझी आयपीए म्हणजे हॉप या फुलांमुळे फळासारखा वास येणारी, गढूळ दिसणारी बिअर. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा भुसावळला घेतलेला कॅन उघडला आणि नाकात ओल्या पुठ्ठ्याचा वास शिरला. डिसेंबरात याच बिअरला पिकल्या आंब्याचा आणि संत्र्याच्या सालीचा वास होता. रंगही उतरलेला. कापून ठेवलेलं वांगं काळवंडतं तसा पिवळ्यावर मळकट तपकिरी थर चढलेला. दुकानदाराचं म्हणणं, "चिल्ड दिली ना साहेब, एक्सपायरीला पण वेळ आहे." त्याचं दोन्ही खरं होतं, पण बिअर मेलेली होती.

7.8 टक्के अल्कोहोल, 500 मिली, कॅनला 260 रुपये. साधी स्ट्राँग यापेक्षा बरीच स्वस्त येते, म्हणून हे जादा पैसे फक्त वासाचे आहेत हे ध्यानात ठेवावं. वास गेला की उरते ती महागडी, जड, गोडसर बिअर.

डिसेंबर ते मे या काळात 4 बॅचचे 11 कॅन तपासले. चांगला-वाईट ठरवताना बॅचपेक्षा साठवण जास्त मोजावी लागली. ब्रुअरीवाले एक ढोबळ हिशेब सांगतात: 32 अंशांत 3 दिवसांत बिअरचं जेवढं नुकसान होतं, तेवढं 22 अंशांत 30 दिवसांत आणि 3 अंशांत 300 दिवसांत होतं. आता हा हिशेब जळगाव-भुसावळच्या मे महिन्याला लावून बघा. पारा 44-45 ला, गोडाऊनवर पत्रे. फ्रिजमध्ये दिसणारा कॅन त्यात सकाळीच ठेवलेला असू शकतो. एकदा तापलेली बिअर पुन्हा गार केली म्हणून गेलेला वास परत येत नाही. रावेर-यावलची केळी 13-14 अंश सांभाळत रीफर (थंड ठेवणाऱ्या) कंटेनरमधून परदेशी जातात. ज्या जिल्ह्याला कोल्ड चेन एवढी कळते, तिथे ही बिअर शटरजवळ रचून ठेवतात, याचं फार वाईट वाटतं.

हेझीचंच एवढं का बिघडतं? तिच्यात ड्राय हॉपिंग (उकळणं संपल्यावर थंड बिअरमध्ये हॉप घालणं) भरपूर, म्हणजे हॉपचं तेल आणि पॉलिफेनॉल ही तुरट द्रव्यं दोन्ही जास्त. गढूळपणाही पॉलिफेनॉल आणि ओट्स-गव्हाचं प्रोटीन एकमेकांना धरून राहतात त्यातूनच येतो. कॅन भरताना आत गेलेला थोडासा ऑक्सिजन यांच्यावर पहिला हल्ला करतो, उष्णतेने तो वेग वाढतो, आणि ओट्स-गव्हातलं मँगनीज त्यात भर घालतं. साध्या लागर बिअरमध्ये बिघडायला एवढं काही नसतंच.

एका बाबतीत मत बदलावं लागलं. जानेवारीच्या बॅचला, भरल्यापासून 6 दिवसांचा कॅन, गळ्यात खरखर होती, मिरचीचं देठ चावल्यासारखी. बनवण्यातच चूक आहे असा शेरा तेव्हा लिहून ठेवला होता. त्याच बॅचचे दोन कॅन फ्रिजमध्ये उभे ठेवून तीन आठवड्यांनी उघडले, तर खरखर जवळपास गेलेली आणि पेरूचा वास वर आलेला. हॉपचे बारीक कण खाली बसायला वेळ लागतो, एवढंच. तो शेरा मागे. आता भरल्यापासून 2 ते 6 आठवडे हाच काळ उत्तम म्हणता येईल, तोही सलग थंडीत राहिलेल्या कॅनसाठी.

चाखायची रीत. ग्लास तेलकट नको. चिवड्याच्या हाताने धरलेल्या ग्लासात फेस टिकत नाही आणि दोष बिअरला लागतो. ओल्या ग्लासात आतून चिमूटभर मीठ भुरभुरा. सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ, पट्टे राहिले तर पुन्हा धुवा. ग्लास तिरका धरून दोन तृतीयांश ओता, उरलेलं सरळ धरून. दोन बोटं फेस यायला हवा. शेवटचे 30 मिली कॅनमध्येच ठेवा, गाळ तिथे असतो. कॅन आडवा लोळवून गाळ मिसळायची सवय मोडा.

बर्फासारखी गार बिअर नाकाला काहीच सांगत नाही. 8 ते 10 अंशांवर आधी वास घ्या, मग घोट. अमेरिकेतल्या व्हरमाँटची हेडी टॉपर ही बिअर, 2011 पासून कॅनमध्ये मिळणारी 8 टक्क्यांची, जिच्यामुळे हा प्रकार गाजला, तिच्या कॅनवर कॅनमधूनच प्या असं छापलेलं असतं. तिचा मान ठेवूनही पारखताना ग्लासच घ्यावा. पंधरा मिनिटांनी, बिअर थोडी कोमट झाल्यावर, दुसरी परीक्षा: दारूचा चटका जिभेवर आला तर स्ट्राँग बनवणाऱ्याचा हात कच्चा. या बिअरमध्ये ताज्या कॅनला चटका नाही, आणि ते सोपं काम नव्हे. पिकलेल्या केळ्याचा वास मात्र गुण समजू नका. तो बहुधा यीस्टचा असतो, हॉपचा नाही.

सोबत शेवभाजी नको. कडवटपणा आणि दारू मिळून काळ्या मसाल्याचा जाळ वाढवतात. भरीत जमतं, फक्त मिरची हात राखून.

अजून एक हिशेब. 500 मिलीत 39 मिली शुद्ध अल्कोहोल, म्हणजे 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीचे 30 मिलीचे तीन पेग. रसासारखी लागते म्हणून ती हलकी नाही. प्यायल्यावर गाडीला हात नको.

घेताना कॅन उलटा करा. वरची ओळ भरल्याची तारीख, खालची बॅच. शाई कच्ची आहे, फ्रिजमधून काढलेल्या कॅनवर ओला अंगठा फिरला की पुसते. दोन कॅनवर महिनाच वाचता आला नाही. सहा महिन्यांची मुदत छापणाऱ्या कंपनीने ही तारीख तरी पक्क्या शाईत द्यावी. तारीख वाचता येत नसेल तर कॅन परत ठेवा. घरी नेताना थर्माकोलच्या पेटीत गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या पुरतात.

डिसेंबर ते फेब्रुवारीत ही बिअर 260 रुपयांना पूर्ण उतरते. मार्चपासून फक्त त्या दुकानातून, जिथे खोकंच फ्रिजमध्ये ठेवतात. जळगावात असं एकच सापडलं आहे.