९१ टेकड्यांपलीकडे: काउस लॉजमधले तीन मुक्काम

नोकरीनिमित्त मी दक्षिण आफ्रिकेत अपिंग्टनला असतो, सौर प्रकल्पावर. डिसेंबर ते जुलै या काळात कलाहारी वाळवंटातल्या काउस लॉजला तीनदा जाऊन आलो. पहिल्या फेरीनंतर लिहिलं असतं तर निम्मं चुकलं असतं. (नावाआधी जिभेने टाळूवर 'टॉक्' असा आवाज काढायचा असतो, देवनागरीत त्याला अक्षर नाही. अर्थ 'हृदय', कारण समोरच्या कोरड्या खारट तळ्याचा आकार तसा आहे.)

लॉज ज्या रानात आहे त्या कगालागादी पार्कचं फाटक अपिंग्टनहून साधारण २५० किलोमीटर, रस्ता डांबरी. पुढे आउब नदीच्या कोरड्या पात्रातून पन्नासेक किलोमीटर खडखडाट. मग कामक्वा नावाच्या थांब्यावर आपली गाडी ठेवून लॉजच्या गाडीत बसायचं आणि वाळूच्या ९१ टेकड्या चढायच्या-उतरायच्या. पहिल्या दहा माणूस हौसेने मोजतो, नंतर दांडा धरून बसतो. पाठीचं दुखणं असेल तर पट्टा बांधून जा.

पहिल्या फेरीत माझं टायर पात्रातच बसलं. भाड्याच्या गाडीची स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नाही! मोबाइलला रेंज नाही, आणि सिंहांच्या मुलखात गाडीतून उतरायचं नाही हा नियम मी आधीच मोडलेला. मागून आलेल्या एका जोडप्याकडे हवा भरायचा पंप निघाला म्हणून सुटलो. गाडी घेताना स्टेपनी दाबून बघा, कागदावर सही नंतर.

लॉज २००७ मध्ये सुरू झालं. मालकी खोमानी सान (कलाहारीतले मूळचे शिकारी लोक) आणि मीर या दोन स्थानिक समाजांची. १९३१ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि पुढे सान लोकांनाच त्यातून बाहेर काढलं. जमिनीचा दावा १९९९ मध्ये मिटला आणि २००२ च्या करारात उद्यानाच्या आतली सुमारे २५-२५ हजार हेक्टर जमीन दोघांना परत मिळाली, संरक्षित रान म्हणूनच राखायच्या अटीवर. त्या जमिनीवर गवताने शाकारलेल्या या १२ खोल्या. भाषा मात्र तशी परत मिळत नाही. वाटाडे बोलतात आफ्रिकान्स, डच वसाहतवाल्यांच्या भाषेतून आलेली. सानांची जुनी नू भाषा बोलणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले, तेव्हा आमच्याच अपिंग्टनमध्ये कतरीना एसाऊ या आजींनी मुलांना ती शिकवायला घेतली.

सिंह बघायला जाणार असाल तर इथे पैसे घालू नका. तीन फेऱ्यांत सिंह एकदाच दिसला, तोही खाली पात्रात. इथे जायचं ते पहाटेच्या पायी फेरीसाठी. आमच्या वाटाड्याच्या हातात फक्त एक काडी. वाळूत अर्ध्या चंद्रासारखं भोक दाखवून म्हणाला, विंचवाचं घर. पुढे माझ्याच बुटाचा कालचा ठसा होता आणि त्यावर कोल्ह्याचा पाय. 'पहाटेचा आहे,' तो म्हणाला. ठशाची कड धारदार होती; वारा मध्यरात्री पडला होता, त्याआधीचा असता तर कड ढासळली असती. म्हणजे आम्ही झोपलो होतो तेव्हा कोल्हा आमचा माग काढत खोलीपर्यंत येऊन गेला होता. डिसेंबरात मी ही फेरी उन्हाच्या भीतीने चुकवली होती. गाढवपणा.

ऋतूंचं म्हणाल तर डिसेंबरात दुपारी खोलीबाहेर पडवत नाही, पण तिन्हीसांजेला भुंकणाऱ्या पाली सुरू होतात, टक-टक-टक, चहूबाजूंनी. मार्चमध्ये पावसानंतर गवत होतं, जनावरं पांगलेली. जुलैत रात्री पाणी गोठतं, कानटोपी न्याच. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा आणि लॉजला पोचलं का ते स्वतः विचारा. माझ्या एजंटने सांगितलंच नव्हतं, पहिल्या रात्री पाव आणि शेंगदाण्याची चटणी. एका रात्रीसाठी एवढी वाट तुडवू नका, निदान दोन रात्री हव्यात.

जुलैत आई सोबत होती. लॉजजवळ सान बायका शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी करत बसतात. तुकडा फोडायचा, मध्ये भोक पाडायचं, दोऱ्यात ओवायचे आणि मग सगळे एकदम घासून गोल करायचे. भोक पाडताना दहातले दोन-तीन फुटतातच. आई तासभर शेजारी मांडी ठोकून बसली. माळ घेताना सवयीने भाव पाडून मागितलाच, मराठीत. त्या बाईंनी आफ्रिकान्समध्ये उत्तर दिलं. दोघींचं बराच वेळ चाललं होतं. भाव होता तोच राहिला, फक्त एक सुटा मणी वर मिळाला.